डाव्या कडेची मालन

“मला कापू नका, एवढंच सांगायला आलोय,” ती बाई म्हणाली, आणि मांडीवरची पिशवी घट्ट धरून माझ्याकडे बघत बसली.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. ताडदेवच्या एका फिल्म प्रयोगशाळेत लागून जेमतेम आठ महिने झाले होते, आणि तेवढ्यात आपल्याला सगळं कळतं असं माझं ठाम मत होऊन बसलं होतं. आमच्या खात्याचं काम एकच. सिनेमाची फिल्म मशीनवर चढवायची आणि टीव्हीवाल्यांसाठी टेपवर उतरवायची. एरवी यात डोकं लावण्यासारखं काही नसे. पण सिनेमा स्कोप असला की वैताग. स्कोपचं चित्र आडवं, लांबलचक, सतरंजीसारखं. आणि अठ्ठ्याऐंशी सालचा टीव्ही जवळजवळ चौकोनी, जेवायच्या पाटासारखा. सतरंजी पाटावर बसवायची कशी? पूर्ण बसवली तर चित्र लहान होऊन वर-खाली काळ्या पट्ट्या यायच्या. एकदा तसं पाठवलं तर लोकांनी टीव्ही बिघडला म्हणून घरोघरी मेकॅनिक बोलावले आणि टीव्हीवाल्यांनी आमची बिनपाण्याने केली. तेव्हापासून पट्ट्या बंद. चित्राचा अर्ध्याहून थोडा जास्त भाग घ्यायचा, उरलेला सोडून द्यायचा. मशीनला डबीच्या झाकणाएवढं एक गोल बटण होतं. ते फिरवलं की आमची चौकट चित्रावरून डावीकडे-उजवीकडे सरकायची. कुठल्या शॉटला चौकट कुठे ठेवायची, याची यादी मी करायची आणि आमचे मुख्य, मेस्त्रीकाका, ती तपासायचे.

नियम सोपा होता. जो बोलतो, तो चौकटीत.

“तुम्हाला कोणी पाठवलं?” मी विचारलं.

“कोल्हापूरकडनं आलोय. ष्टुडिओतल्या माणसांनी हितला पत्ता दिला. मी मालन साळोखे.” तिने सिनेमाचं नाव सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही, उगाच कोणाला राग यायचा. पण त्याचे डबे तेव्हा माझ्या टेबलामागेच रचलेले होते. सोळा वर्षांपूर्वीचा सिनेमा, काळा-पांढरा आणि स्कोप. पुढच्या शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर लागायचा होता. “त्यात मी हाय. बापाचं आणि हिरोचं भांडण होतंय न्हवं ओसरीवर, तिथं.”

“तुम्ही?” मी सिनेमा दोनदा बघितला होता. “त्यात तुमचे संवाद?”

“संवाद न्हाईत, बाई. मी कडंला बसलोय. एकदम डाव्या कडंला.”

“अहो बाई, मग कसं जमेल?” मी हात झटकलेच. “हिरो बोलतोय उजवीकडे. टीव्हीवर एवढं सगळं मावत नाही.”

“मला ठावं हाय,” ती म्हणाली. “सरपंचाच्या टीव्हीवर बघितलाय एक सिनेमा. दोगं बोलत हुती, एकाचं नुसतं नाक दिसत हुतं. तवाच मी वळखलं. म्हणलं, ह्यात बी आपण गेलो.”

खरं सांगते, मला हसू येत होतं. सोळा वर्षांपूर्वीच्या एका कडेच्या कामासाठी रात्रभर एस्टीत बसून मुंबईला यायचं म्हणजे हौसेची कमालच! ते हसू तिला माझ्या तोंडावर दिसलं असावं.

“हौस न्हवं ही,” ती म्हणाली. “ऐका तरी.”

नवरा वारला तेव्हा ती चोवीस वर्षांची होती, म्हणजे माझ्याएवढी. गावात राहून करायचं काय, म्हणून कोल्हापुरात मावशीकडे आली आणि स्टुडिओत कपडे शिवायला लागली. तिथे दिग्दर्शकाने तिला बघितलं आणि हिरोच्या विधवा बहिणीच्या कामाला बसवलं. सहा महिने शूटिंग चाललं. गावात कुजबुज सुरू झाली. तरणी विधवा, सहा महिने कोल्हापुरात, करते काय? तिने आईला निरोप धाडला, सिनेमात काम करते आहे, आपल्या जत्रेत येईल तेव्हा डोळ्यांनी बघ.

“आणि आला की सिनेमा जत्रेत! तंबूत. समदं गाव लोटलं. आई म्होरं जाऊन बसली.” मालनबाईने मांडीवरची पिशवी सावरली. “त्या तंबूचा पडदा हुता चौकोनी. सिनेमा हुता लांब. मग ऑपरेटरनं काय करावं? हिरो पडद्यावर घ्यायला मशीन वळवलं. मी गेलो कनातीवर. काळ्या कापडावर काय दिसतंय, कप्पाळ? त्या अंगाला लोकांनी बैलं बांधली हुती.”

माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

“सिनेमा संपला. आई माझ्याकडं बघंना. शेजारची म्हणली, ‘मालन, तू कुठं हुतीस गं? बैलात?’ समदी हसली. त्या दिवसापासनं मी गावाला कनातीवरची मालन. त्याचं एक सोडा. पर आई... आई माझ्याशी बोलती, जेवायला वाढती, समदं करती. पर त्या सहा महिन्याचं नाव काढलं की उठून आत जाती. सोळा वर्सं. तिला वाटतंय, मी खोटं बोललो. आता तिला मोतीबिंदू झालाय, दोन्ही डोळ्यांत. पुढच्या साली दिसंल का न्हाई, देव जाणे. एवढा शनिवार हाय माझ्या हातात.”

दारात मेस्त्रीकाका उभे होते. किती वेळ उभे होते, कोण जाणे. सावंतवाडीकडचा माणूस, सत्तावन्न वर्षांचा, बोलणं मोजकं. आमच्याकडे येण्याआधी वीस वर्षं कॅमेरा खात्यात काढलेली. उजवा हात कायम पँटच्या खिशात असायचा. मला वाटायचं, ही साहेबी ऐट असेल.

“शैला,” ते म्हणाले, “तुझी यादी काढ. ओसरीचा शॉट काय लिहिलास?”

मी वाचलं. “शॉट दोनशे चौदा. दोन मिनिटं दहा सेकंद. चौकट पूर्ण उजवीकडे.” पुढे मी शेरा मारला होता तोही वाचला. “आवाजात खरखर आहे, प्रिंट खराब.”

“त्या शॉटात माणसं किती?”

“दोन. बाप आणि हिरो.”

काकांनी मालनबाईकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझे कान गरम झाले. दोनदा बघितलेला सिनेमा, आणि त्यातली तिसरी व्यक्ती समोर पिशवी घेऊन बसलेली!

“चला,” काका म्हणाले. “प्रोजेक्शनच्या खोलीत. बाई, तुम्ही पण.”

आमच्याकडे बारा खुर्च्यांची एक खोली होती, पण तिचा पडदा खऱ्या स्कोपचा होता, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मी रीळ लावलं आणि दिवा मालवला.

ओसरी दिसली. उजव्या टोकाला दारात हिरो, पायात चपला घातलेला, खांद्याला पिशवी. मध्यावर, थोडा हिरोकडे सरकून, बाप उभा. आणि पार डाव्या टोकाला, खांबाशी, एक तरुण बाई सुपात तांदूळ पाखडत बसलेली. माझी खरखर तिथून येत होती. सूप खालीवर होत होतं, तांदूळ सळसळत होते, आणि मधेच हाताची थाप पडत होती. प्रिंट खराब नव्हती, माझं बघणं खराब होतं.

बाप बोलत होता, पोरगा उलट बोलत होता. मी या वेळी त्यांच्याकडे बघितलंच नाही. ती बाई मान वर करत नव्हती. बापाचा आवाज चढला की सूप जोरात चालायचं, पोरगा बोलला की हळू व्हायचं. मग पोरगा म्हणाला, “मी परत यायचा नाही.” आणि सळसळ बंद झाली. नुसती शांतता. बापाने मान वळवून लेकीकडे बघितलं. तिच्या हातात सूप कललं होतं आणि तांदूळ एका बाजूने ओसरीवर ओघळत होते, तिला पत्ताच नव्हता. मग ती भानावर आली आणि खाली वाकून एकेक दाणा वेचायला लागली. मागे हिरोचं आणखी एक लांबलचक वाक्य चाललं होतं. ते मला तेव्हाही ऐकू आलं नाही आणि आजही आठवत नाही.

दिवा लागला.

“किती छान केलंत हो तुम्ही!” मी म्हणाले.

“मी काय केलंय त्यात?” मालनबाई संकोचली. “डायरेक्टर म्हणले, घरी करतीस तसं कर.”

काका उठून पडद्याजवळ गेले होते. “आख्खा सीन हिच्यावर आहे,” ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. “एवढा लांब पडदा मिळाला म्हणून त्या माणसाने भांडण एका टोकाला ठेवलं आणि ज्याला लागतं ते माणूस दुसऱ्या टोकाला. काय डोकं लावलंय! आणि आम्ही तेच कापणार.” मग वळून म्हणाले, “बाई, मी शब्द देत नाही. पार्टीचा माणूस पास करेल तेव्हा खरं. पण शनिवारी आईला टीव्हीच्या अगदी जवळ बसव.”

मालनबाईने वाकून नमस्कार केला आणि दुपारच्या गाडीने गेली.

“पार्टीचा माणूस” म्हणजे सबनीस. सिनेमाचे टीव्हीचे हक्क ज्यांच्याकडे होते, त्यांचा प्रतिनिधी. त्याने आम्हाला आधीच बजावलं होतं, हिरो एका सेकंदासाठीही चौकटीबाहेर गेला तर टेप परत करीन. तो हिरो तोवर फार मोठा झाला होता आणि त्याच्याच नावावर शनिवारचा सिनेमा लागत होता.

“काका, सबनीस ऐकायचा नाही,” मी म्हणाले. “आणि टेप परत आली तर शनिवार हुकेल. आपल्या दोघांची धडगत नाही.”

“गो बाय, सबनीसाक सांगता कोण?” काका म्हणाले. गडी खुशीत आला की मालवणीत शिरायचा. “तो बघूंदे आधी.”

मग त्यांनी मला समजावलं ते आयुष्यभर पुरलं. चौकट मधेच तोडून एकदम डावीकडे उडी मारली तर बघणाऱ्याला धक्का बसतो, वाटतं काहीतरी कापलं. बटण फिरवून सरकवली तर चित्र ओढल्यासारखं दिसतं, कळतं की कोणीतरी मागे बसून चाळे करतंय. “पण सुपाचा आवाज बंद होतो ना, तिथे बघणाऱ्याला आपोआप वाटतं, काय झालं? बाप मान वळवतो. तेव्हा घरात बसलेल्या माणसाचीही नजर तिकडे निघते. त्या मानेबरोबर जायचं. मान निघाली की निघायचं, मान थांबली की पोचायचं. आधी नाही, नंतर नाही. मग कोणाला कळणार नाही.”

“तुम्हीच करा काका. मला नाही जमायचं.”

काकांनी खिशातला हात बाहेर काढला आणि बटणावर ठेवला. समोरच्या छोट्या पडद्यावर ओसरी थरथरायला लागली. खांब, बाप, सगळं थरथरत होतं. त्यांनी हात उचलला तसं चित्र स्थिर झालं.

“तीन वर्षं झाली,” ते म्हणाले. “कॅमेरा सुटला तो यामुळेच. आता कळलं, खिशात का असतो ते? बस इथे.”

मी बसले. पहिल्यांदा मी लवकर निघाले. दुसऱ्यांदा उशिरा. तिसऱ्यांदा निघाले वेळेवर पण पोचले तांदूळ सांडून झाल्यावर. काका मागे उभे राहून फक्त “परत” म्हणत होते. सातव्या वेळेला मी रडकुंडीला आले. “चार सेकंदांची तर गोष्ट आहे, आणि इतका छळ!”

“बटणाकडे बघतेस म्हणून चुकतं,” काका म्हणाले. “बटणाकडे बघू नको. बापाकडे पण बघू नको. तू त्या घरातली आहेस असं समज. भाऊ चाललाय. बहीण काय करते ते तुला बघायचंय. बघ फक्त. हात आपोआप येईल.”

दहाव्या वेळेला मी डोळे पडद्यावर ठेवले आणि कान सुपाकडे. सळसळ थांबली. मला खरोखरच तिच्याकडे बघावंसं वाटलं. मी बघितलं. चौकट कधी सरकली ते मला कळलं नाही. समोर मालन होती आणि तांदूळ नुकते ओघळायला लागले होते.

मागून “परत” ऐकू आलं नाही. मी वळून बघितलं तर काकांनी डोळे पुसायला चष्मा काढला होता आणि तो थरथरत्या हातात नीट धरता येत नव्हता म्हणून ते हसत होते. “शाबास गो बाय,” एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सबनीस टेप बघायला आला. हातात वही, आणि हिरो दिसला नाही की टीक मारायला पेन उघडलेलं. पहिल्या अर्ध्या तासात त्याने तीन टिका मारल्या. मी आणि काका एकमेकांकडे बघतही नव्हतो. दोनशे चौदावा शॉट आला. बाप बोलला, पोरगा बोलला. सळसळ थांबली. मान वळली. चौकट निघाली आणि पोचली. हिरो पंचवीस सेकंद पडद्यावर नव्हता, फक्त ऐकू येत होता. सबनीसचं पेन वहीवर टेकलेलं होतं, ते हललं नाही. तो पुढे झुकून बघत होता.

शॉट संपल्यावर तो म्हणाला, “ही बाई कोण हो? पुढे कुठे दिसली नाही. काय काम केलंय!”

“कोल्हापूरची आहे,” काका म्हणाले. “मालन साळोखे.”

“हिरोने पण झकास केलाय हा सीन,” सबनीस म्हणाला आणि पान उलटलं. आधीच्या तीन टिका आम्ही दुपारपर्यंत दुरुस्त करून दिल्या. ओसरीला त्याने पास केलं.

शनिवार आला आणि गेला. आमच्या घरी सगळ्यांनी सिनेमा बघितला. मी त्या शॉटला स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले, माझी बघायची छातीच झाली नाही. नंतर दहा-बारा दिवस काही कळलं नाही. मोतीबिंदूवाल्या म्हातारीला त्या एवढ्याशा पडद्यावर काय दिसणार? चेहरा तर सुपारीएवढा. जितका विचार करावा तितकी मी खचत चालले होते. काकांना विचारलं की ते म्हणायचे, “आपण आपलं केलं.” पण जेवणाच्या सुट्टीत ते दारावरच्या वॉचमनकडे दोनदा जाऊन यायचे, ते मी बघत होते.

तेराव्या दिवशी मालनबाई आली. बरोबर गुळाची ढेप. टेबलावर ठेवली आणि उभीच राहिली. काकांनी स्वतः खुर्ची ओढून दिली.

“सांग बाई,” ते म्हणाले. “दिसलीस?”

“सरपंचाच्या अंगणात टीव्ही मांडला हुता. निम्मं गाव हुतं. आईला मी हात धरून नेली, टीव्हीपासनं हातभर अंतरावर बसवली. लोकं मागनं वरडायची, ‘मालन, बैलं बांधू का गं?’ मी काय बोललो न्हाई. ओसरी आली, भांडण सुरू झालं. मी कुठंच न्हाई. माझं डोळं भरून आलं, म्हणलं, गेलो पुन्यांदा कनातीवर. आणि बगतोय तर आई ताठ बसलेली. म्हणती, ‘गप बसा रे! सूप वाजतंय.’”

मालनबाईने पदराने तोंड पुसलं.

“आवाजावरनं, साहेब. चित्रात सूप न्हाई, काय न्हाई, आणि ही म्हणती सूप वाजतंय. मग ते थांबलं. आणि मग मी आलो की हो म्होरं! आईनं टीव्हीला नाक लावलं. मी लहानपणापासनं डावरी. सूप डाव्या हातानं कलतं करतोय, दाणं बी डाव्या हातानं येचतोय. त्यापायी आईचा मार खाल्लाय मी, कितीदा! त्वांड तिला कुठलं दिसतंय? तिनं तो हात बघितला. आणि वरडली, समद्या गावादेखत वरडली, ‘ही डावरी माझी हाय! माझी मालन हाय ही!’”

मी रडत होते, आणि मला त्याची लाजही वाटली नाही. पुढे मी तीस वर्षं त्या धंद्यात काढली. मोठमोठ्या लोकांचे सिनेमे हाताखालून गेले, त्या गोल बटणाच्या जागी संगणक आला. आता तर घराघरात आडवे, लांबलचक टीव्ही आहेत, कोणाला कापावं लागत नाही. पण माझ्या हातून एक चांगलं काम झालं असेल तर ते त्या चार सेकंदांचं, आणि तेही काकांच्या डोळ्यांनी.

“लोकं?” काकांनी विचारलं.

“लोकं गप. शेजारची म्हणली, पुन्यांदा लागंल का हा सिनेमा?” मालनबाई हसली. “पर आई त्यानंतर काय बोललीच न्हाई. सिनेमा संपला, माझ्या खांद्यावर हात ठेवून घराकडं निघाली. मला वाटलं, झालं, पुन्यांदा मुकी झाली. मारुतीच्या देवळापाशी आलो तशी थांबली. म्हणली, ‘मालन, लई तांदूळ सांडलं गं. समदं येचलंस न्हवं?’”

सोळा वर्षांत आईने त्या सहा महिन्यांबद्दल विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

“मग तू काय म्हणालीस?” काकांनी विचारलं.

“म्हणलं, व्हय आई. दाणा न् दाणा येचला.”